डबा आला की थांबणारी कळ

९ फेब्रुवारी

ती. काकू आणि ती. काका,

नमस्कार. घरी सगळ्यांच्या तब्येती बऱ्या असतील आणि थंडीत काकांचा हात फार ठणकत नसेल, असं मनाशी धरून लिहायला बसलो आहे.

मी अजून ताईकडेच आहे. भाऊजींनी मला फोटोंना चौकटी करणाऱ्या एका दुकानात चिकटवून दिलं, हे तुमच्या काचेच्या दुकानातल्या बारक्याकडून तुम्हाला कळलं असेलच. इथल्या काचा अगदी एवढ्याएवढ्याशा. वहीच्या पानाएवढी काच कापायची, कडा घासायच्या, चौकटीत बसवून मागे पुठ्ठा लावायचा. सगळं एकट्यानं होतं. सुरुवातीला मी सवयीनं काच उचलण्याआधी मान वर करून समोर बघायचो. मालक म्हणाले, "कोणाची वाट बघतोस रे? फोटो आहे तो, दरवाजा नाही."

खरं तर फोनच करणार होतो. पण फोनवर काका नुसतं "हं, बोल" म्हणाले तरी माझे शब्द मागेपुढे होतात. कागदावर चुकलं तर दुसरा कागद घेता येतो. आणि हे पत्र काकू मोठ्यानं वाचतील, काका ऐकत नसल्यासारखं दाखवून ऐकतील, हे मला ठाऊक आहे. म्हणून घरात सगळ्यांनी ऐकावं असंच लिहितो.

मी आजारी होतो. आता बरा आहे. दोन्ही वाक्यं एकदमच लिहिली, म्हणजे काकूंना मध्ये थांबून डोळे पुसायला नकोत.

झालं असं की, दुकानात स्टुलावरून उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आलो तेव्हा मालक तोंडावर पाणी मारत होते आणि "याच्या अंगात रक्त आहे की नाही" असं शेजारच्या दुकानदाराला विचारत होते. हॉस्पिटलात तपासलं तर खरंच फार थोडं उरलं होतं. बाकीचं आतल्या आत, थोडं थोडं करून गेलं होतं आणि मला पत्ता नव्हता. दुसऱ्याचं रक्त चढवावं लागलं. मग तोंडातून नळी घालून, तिच्या टोकाच्या कॅमेऱ्यानं डॉक्टरबाईंनी आत पाहिलं. जठर संपून लहान आतडं जिथे सुरू होतं, तिथे मागच्या बाजूला खोल जखम होती. तिला अल्सर म्हणतात.

बाईंनी विचारलं, "पोटात कधीपासून दुखतंय?"

मी म्हणालो, "पोटात कधीच दुखलं नाही. पाठीत दुखायचं. दीड वर्ष झालं."

"पाठीत कुठे?"

मी हात मागे नेऊन दाखवलं. कमरेच्या वर, बरोबर मध्ये.

"दिवसभर?"

"नाही. सकाळी कामाला लागलो की थोड्या वेळानं सुरू व्हायचं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाढत जायचं, मग थांबायचं. संध्याकाळी परत."

"सुट्टीत आराम करायचास?"

"नाही. डबा यायचा."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. मग त्यांनी मला समजावलं ते तुम्हाला जसंच्या तसं सांगतो. जखम मागच्या बाजूला असली की काही जणांना तिची कळ पाठीतच येते. पोट रिकामं असलं की ती जखम चुरचुरते. पोटात अन्न पडलं की दोन-तीन तास शांत होते. पाठीच्या कण्याशी तिचा काही संबंध नाही. मी त्यांना म्हणालो, हे सगळं परत एकदा सांगा आणि कागदावर लिहून द्या. त्या म्हणाल्या, "कागद कशाला हवा?" म्हटलं, "दाखवायला." "कोणाला?" मी म्हणालो, "घरी."

तो कागद या पत्रासोबत ठेवला आहे. त्यांचं अक्षर लागत नाही म्हणून खाली मी स्वच्छ अक्षरात उतरवून दिलं आहे.

या जखमेवर गोळ्या आहेत. पंधरवडाभर घेतल्या आणि कळ गेली. इतक्या सहज गेली की मला रडू आलं. आणखी एक. बारक्या मला प्रेमानं ज्या दुखण्यावरच्या गोळ्या द्यायचा, त्या मी रिकाम्या पोटी खायचो, त्यांनी जखम जास्त चिघळली. हे बारक्याला सांगू नका. एवढा आडवा-तिडवा माणूस, पण रडायला लागला की आवरत नाही.

आता पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तुम्ही ते कधी ऐकलेलं नाही. मीच सांगितलं नाही.

मोठी काच न्यायची तर पुढचं टोक काकांकडे आणि मागचं माझ्याकडे असायचं. रस्त्यातून न्यायची असली की तिसरं माणूस पुढे चालायचं आणि "काच आहे, सरका" म्हणत लोकांना बाजूला करायचं. काच उचलल्यावर धरणाऱ्यांनी बोलायचं नाही. बोलायचा तो एकच शब्द, 'ठेव'. एकानं 'ठेव' म्हटलं की दुसऱ्यानं कारण न विचारता जिथे असू तिथे काच टेकवायची. काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "इथे बाकी कशाची शिस्त नसली तरी चालेल. पण ठेव म्हटलं की ठेव."

कळ सुरू झाल्यापासून सकाळच्या कामात मला 'ठेव' फार वेळा म्हणावं लागायचं. आधी सगळ्यांनी काळजी घेतली. काकांनी स्वतः पैसे भरून पाठीचा एक्स-रे काढायला लावला. तो आल्यावर काकांनी दुकानाच्या खिडकीला टेकवून, तावदानात बुडबुडा शोधतात तसा वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाले, "स्वच्छ आहे." त्या दिवसापासून त्यांचं माझ्याकडे बघणं बदललं. मी त्यांना दोष देत नाही. सकाळी वाकडा होणारा माणूस जेवल्यावर ताठ होऊन चार वाजेपर्यंत कपाटाचे आरसे उचलतो, हे मी दुसऱ्याच्या बाबतीत बघितलं असतं तर मलाही तेच वाटलं असतं. बारक्या म्हणायचा, "याची पाठ म्हणजे सरकारी कचेरी आहे. एक ते चार उघडी." आणि डबा दारात दिसला की म्हणायचा, "झाला ताठ. डब्याला बघून झालास की डबा धरणाऱ्या हाताला बघून, तेवढं सांग." सगळे हसायचे. मी काही बोलायचो नाही. आत्ताही त्यावर काही लिहीत नाही.

माझ्याविषयी काकूंच्या मनात जे होतं आणि काकांनी "बघू, एक वर्ष जाऊ दे" म्हणून जे लांबवलं होतं, त्याविषयीही या पत्रात लिहिणार नाही.

कापडाच्या दुकानाची ती दर्शनी काच एरवी दुपारीच नेली असती. मोठ्या काचा आपण जेवणानंतरच न्यायचो, कारण तेव्हा रस्ता मोकळा असतो. पण दुकानदाराला घाई होती म्हणून ती सकाळी निघाली. पुढे चालायला डबा आणणारं घरातलंच माणूस आलं, त्यामुळे डबा मागे राहिला. निघतानाच मी म्हणालो, "काका, थोडं थांबू या का? पाठ भरली आहे."

काका म्हणाले, "कशाला थांबायचं? डबा यायला?"

वाटेत मी दोनदा 'ठेव' म्हणालो. दोन्ही वेळा काच टेकवली. दुसऱ्यांदा काका म्हणाले, "आता तूच काचेवर बस. मी आणि बारक्या तुम्हा दोघांना उचलून नेतो." रस्त्यातली माणसंही हसली.

तिसऱ्यांदा मी म्हणालो नाही. मला वाटलं, दुकान दिसतंय, पोचू. पायरीपाशी पाठीतून सुरी फिरल्यासारखी कळ आली आणि हात सुटला. माझं टोक दगडावर आपटलं. पुढचं सगळ्यांनी पाहिलं. काकांच्या मनगटात काच घुसली आणि त्यांची दोन बोटं अजून मिटत नाहीत.

हाताला टाके घातल्यावर काका मला शांतपणे म्हणाले होते, "ज्याला खरं दुखतं तो ठेव म्हणतो. तू म्हणाला नाहीस. म्हणजे दुखत नव्हतं. हसलो म्हणून रागानं सोडलीस." काकांचं म्हणणं आपल्या कामाच्या नियमाला धरून होतं. दुसऱ्या दिवशी मी निघालो.

बोटांची भरपाई कागदानं होत नाही, हे मला कळतं. तेव्हा माझं मागणं एवढंच आहे. मला दुखत होतं, एवढं काकांनी मानावं. आणि त्या दिवशी जे माणूस काचेच्या पुढे चालत होतं, त्याच्याही कानावर हे जावं.

धाकटीचं लग्न ठरल्याचं बारक्यानं सांगितलं. चष्म्याच्या दुकानवाले आहेत म्हणे. "या जावयाची काच खिशात मावते" असं काका म्हणाले, तेही त्यानं सांगितलं. मी हसलो. तिला माझ्याकडून अभिनंदन सांगा.

दोघांच्या पाया पडतो.

तुमच्याकडे काच धरायला शिकलेला,
मी

*

२ मार्च

ती. काकू,

तुमचं पत्र मिळालं. त्यातली वेगळी घडी केलेली चिठ्ठीही मिळाली. ताईनं "एवढा वेळ काय वाचतोस, दोन कागद तर आहेत" असं विचारलं, इतक्या वेळा वाचलं.

आधी काकांना वाचून दाखवायचं लिहितो.

काका, काकूंनी लिहिलं आहे की तुम्ही पत्र ऐकून उठून गेलात, चहा तसाच राहिला, आणि परत येऊन "पुन्हा वाच" म्हणालात. डॉक्टरबाईंचा कागद तुम्ही खिडकीशी नेऊन उजेडात धरलात, हे वाचून तुम्ही समोर उभे राहिल्यासारखे दिसलात. "त्यानं ठेव म्हणायला हवं होतं" असं तुम्ही म्हणालात. ते बरोबर आहे, म्हणायला हवं होतं. आणि नंतर जेवताना मान खाली घालून "पण त्याचं तोंड मीच बंद केलं" असं म्हणालात, असं काकू लिहितात. ते तुम्ही म्हणायला नको होतं. मी मागणं केलं होतं ते दुखत होतं एवढं मानण्याचं. तेवढं मिळालं. त्याच्यापुढचं तुमच्या मनाला लावून घेऊ नका.

मागचं टोक मोकळं आहे, कधीही ये, असं तुम्ही कळवलंत. मी येणार नाही. जड उचलायला डॉक्टरांनी मना केलेलं नाही, उलट सगळं कर म्हणाल्या आहेत, त्यामुळे ते कारण देत नाही. इथल्या छोट्या काचांची सवय झाली आहे. मागच्या टोकाला बारक्याला घ्या. तो बोलतो फार, पण त्याचा हात सुटत नाही.

काकू, इथून पुढचं मोठ्यानं वाचू नका.

चिठ्ठीत तुम्ही लिहिलंत की माझं पत्र वाचलं तेव्हा धाकटी दारात उभी होती आणि तशीच आत गेली. दोन दिवस कोणाशी बोलली नाही. मग भांडी आवरताना तुम्हाला म्हणाली, "आई, म्हणजे ते जेवणानं थांबायचं?" तुम्ही विचारता, तिला काय सांगू. आणि खाली बारीक अक्षरात लिहिता की पत्रिका अजून छापायला दिलेल्या नाहीत, जे काय ते तुझ्या शब्दावर आहे.

तिनं असं का विचारलं ते तुम्हाला माहीत नसणार. आता सांगतो.

बारक्याची चेष्टा वाढली तेव्हा तिनं एकदा जिन्यात मला अडवून विचारलं होतं, "मी आले की तुझी पाठ थांबते, असं सगळे म्हणतात. खरं आहे का?" मी "हो" म्हणालो. काकू, मी तेव्हा खोटं बोललो नाही. मला तसंच वाटायचं. ती दारात दिसायची, डबा उघडला जायचा, आपण सगळे बसायचो आणि चार घास पोटात जातात न जातात तोच पाठ सुटायला लागायची. त्यातलं कशानं काय होतं हे निवडून बघायचं माझ्या मनातही आलं नाही. दुपारी मोठी काच घेऊन निघालो की ती पुढे असायची, आणि तेव्हाही दुखत नसायचं. कारण मी जेवलेलो असायचो. हे मला आता कळतं. तेव्हा एवढंच कळायचं की ती आहे आणि दुखत नाही.

ती हसली नाही की लाजली नाही. "बरं" म्हणाली आणि खाली गेली. पण दुसऱ्या दिवसापासून डबा लवकर यायला लागला. तुम्ही तिला "एवढी काय घाई, भाजी तरी शिजू दे" म्हणून ओरडायचात, ते ती आम्हाला सांगायची. दारात पोचायची तेव्हा तिला धाप लागलेली असायची.

मग तो दिवस आला. त्या दिवशी ती सकाळपासून माझ्यापुढे होती. "सरका, काच आहे" हा तिचा आवाज मला सगळ्या रस्ताभर येत होता आणि कळ वाढतच होती. काच फुटल्यावर तिनं आधी काकांचा हात स्वतःच्या ओढणीनं बांधला. नंतर हॉस्पिटलच्या व्हरांड्यात माझ्याजवळ आली. म्हणाली, "मी आले की थांबते म्हणाला होतास. आज तर मी समोरच होते. मग दुखत होतं हे खोटं, की ते खोटं?"

मला दोन्ही खरं आहे एवढंच माहीत होतं. दोन्ही एकदम खरं कसं असेल, ते मात्र सांगता येईना. ती थांबली होती, काकू. बराच वेळ थांबली होती. मग काकांनी हाक मारली आणि ती गेली. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही.

तर तिला सांगा की हो, ते जेवणानं थांबायचं. डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय आणि तसंच आहे. म्हणजे तिच्या प्रश्नातली कुठलीच गोष्ट खोटी नव्हती, एक फक्त माझी समजूत चुकीची होती. समजूत चुकली म्हणून कोणी कोणाला बांधलेलं नसतं. हे शब्द तुमचे म्हणून सांगा, माझे म्हणून नको. माझे म्हटलं की ती त्यात आणखी काहीतरी शोधत बसेल.

आणि पत्रिका छापायला द्या.

तुम्ही रागवाल, म्हणून कारण लिहितो. चष्मेवाले तिला हसवतात, असं बारक्या सांगत होता. तो दुष्टपणानं सांगत नव्हता, त्याला बरं वाटलं म्हणून सांगत होता. मी इतकी वर्षं तुमच्याकडे होतो, पण तिला मी हसवल्याचं मला आठवत नाही. माझ्यामुळे तिला धावावं तेवढं लागलं. आता मी "नाही, ते तुझ्यामुळेच थांबायचं" असं लिहिलं, तर ती ठरलेलं मोडून येईल. येईलच, मला खात्री आहे. पण ती कागद वाचून आलेली असेल. आपण त्या दिवशी याच्यावर विश्वास ठेवला नाही, याची भरपाई करायला आलेली असेल. तिचा त्यात काही दोष नाही, तिच्या जागी कोणीही तेच केलं असतं. पण माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. एक काच मी तीनदा मोजतो. ती माझ्यासाठी आली आहे की कागदासाठी, हे मी रोज मोजत बसेन, आणि तिला ते दिसेल. मला एकदा तिनं नुसतं बघून ओळखायला हवं होतं. ते एकदाच होण्यासारखं होतं, आणि तो दिवस होऊन गेला.

ताई म्हणते, तुझं डोकं फिरलंय. असेलही.

मी आता वेळेवर जेवतो. ताई डबा देते, तो मी स्वतःच दुकानात घेऊन जातो आणि भूक लागायच्या आधीच खातो. कळ येत नाही.

काकू, शेवटचं लिहितो, आणि हे तिला कधीच सांगायचं नाही, तिला मुलंबाळं झाल्यावर गंमत म्हणूनसुद्धा नाही. कळ डब्यानं थांबायची हे अगदी खरं आहे. पण सकाळी त्या कळेतून काच धरून उभा असताना मी वाट बघायचो, ती डब्याची नव्हती. याचा मात्र कोणी डॉक्टर कागद देणार नाही.

हे पान वाचून झालं की चुलीत घाला.

तुमच्या घरातला होता होता राहिलेला,
मी